गुण्या, कंपास आणि शाळा : फ्रीमेसनरीविषयीचे काही गैरसमज

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण युरोपातली मध्ययुगीन विद्यापीठं पाहिली. शेवटी प्रश्नोत्तरांच्या वेळी एक चिठ्ठी आली होती : "फ्रीमेसन लोकांचा शिक्षणाशी खरोखर काही संबंध होता का, की ती नुसतीच गुप्त मंडळी?" तेव्हा घड्याळ पुढे गेलं होतं. आज तेवढाच विषय घेऊ. आम्ही स्वतः या संघटनेचे सभासद नाही, कधी नव्हतो. त्यामुळे कोणाचं वकीलपत्र घेऊन बोलत नाही.

सुरुवात नावापासून करू. मेसन म्हणजे आपला गवंडी. 'फ्री' हे पद कुठून आलं यावर अभ्यासकांत वाद आहे. कोणत्याही बाजूने सहज कोरता येईल अशा दगडाला इंग्लंडमध्ये 'फ्रीस्टोन' म्हणत, आणि तो घडवणारा तो फ्रीमेसन, ही व्युत्पत्ती आम्हाला जास्त पटते. म्हणजे विटांवर विटा रचणारा नव्हे, तर कमानी आणि नक्षी कोरणारा, आपल्याकडे ज्याला पाथरवट म्हणतात तो. त्याची हत्यारं कोणती? गुण्या, कंपास, ओळंबा, पाणसळ, थापी. या संघटनेचं बोधचिन्ह यातूनच आलं : वर उघडलेला कंपास, खाली गुण्या, आणि पुष्कळदा मध्ये इंग्रजी 'जी' हे अक्षर. व्हॉट्सअ‍ॅपवर हेच चिन्ह सैतानाचं म्हणून फिरतं. आमचं म्हणणं, घरी गेल्यावर नातवाची कंपासपेटी उघडून बघा. दोन्ही वस्तू आत आहेत. 'जी' हे अक्षर ईश्वरवाचक इंग्रजी शब्दाचं आद्याक्षर आहे आणि जॉमेट्रीचंही, म्हणजे भूमितीचं. गवंड्याला दोन्ही लागत.

आता मुख्य आक्षेप : गुप्तता. खुणेचं हस्तांदोलन, परवलीचा शब्द, डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरी. हे सगळं आहे, कोणी नाकारत नाही. पण ते आलं कुठून हे नीट समजून घ्यायला हवं, कारण शिक्षणाचा धागा नेमका तिथेच आहे.

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. चर्चचं बांधकाम चाललंय, वर्षानुवर्षं चालणार आहे. दूरच्या गावाहून एक पाथरवट कामाच्या शोधात येतो आणि म्हणतो, मी पूर्ण शिकलेला कारागीर आहे, मला कारागिराची मजुरी द्या. कशावरून? त्याच्याकडे कागद नाही, असला तरी वाचणारा नाही. काम देऊन बघावं तर एक चुकीचा घाव आणि दगड फुकट. तेव्हा त्याला त्याच्या पायरीचा शब्द विचारायचा, हात कसा मिळवतो ते बघायचं. ज्याने उमेदवारी पूर्ण केली त्यालाच तो शब्द दिलेला असतो. म्हणजे हा शब्द म्हणजे त्या काळचं प्रमाणपत्र! आपण पदवीचा कागद लॅमिनेट करून ठेवतो, ते लोक तोंडात ठेवत. प्रमाणपत्र कोणालाही वाटलं तर त्याची किंमत राहत नाही, म्हणून गुप्तता. त्यात मंत्रतंत्र काही नाही.

आणि प्रमाणपत्र म्हटलं की परीक्षा आली. स्कॉटलंडमध्ये विल्यम शॉ नावाचा राजाचा बांधकाम-अधिकारी होता. त्याने १५९८ आणि १५९९ साली गवंड्यांच्या लॉजसाठी नियम घालून दिले. दुसऱ्या नियमावलीत एक कलम आहे ते फार मजेदार आहे. प्रत्येक कारागिराची आणि उमेदवाराची 'स्मरणकलेची' परीक्षा घ्यावी, असं ते कलम सांगतं. हातोडी कशी चालवतो हे बघा, एवढंच नाही. लक्षात किती ठेवतो हेही बघा. आजही मेसन लोक आपले विधी तोंडपाठ म्हणतात, पोथी समोर धरून वाचत नाहीत. आपल्या वेदपाठशाळेत वाढलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटायचं कारण नाही.

उमेदवार, कारागीर, मास्टर, या तीन पायऱ्या. आता विद्यापीठाकडे बघा. 'युनिव्हर्सिटास' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ 'विश्वाचं ज्ञान' वगैरे काही नाही. त्याचा अर्थ संघ, मंडळी. शिकवणाऱ्यांचा किंवा शिकणाऱ्यांचा संघ, जसा चांभारांचा, विणकरांचा, तसा. तिथेही शिकाऊ होते, मधली पायरी होती आणि शेवटी मास्टर. आपण एम. ए. म्हणतो त्यातला 'मास्टर' हा पाथरवटांच्या मास्टरचा चुलतभाऊ आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं तेव्हापासून पदवीदान समारंभात झगे घालून मिरवणूक निघते. त्या झग्यांचं मूळही याच जगात आहे. आपण मिरवणुकीत चालतो तेव्हा ते गंभीर दिसतं आणि दुसरा एप्रन बांधून उभा राहिला की तो जादूटोणा, हा न्याय बरोबर नाही.

पुढे दगडकामाचे दिवस ओसरले, आणि या लॉजमध्ये गवंडी नसलेले सुशिक्षित लोक येऊ लागले. इलायस अ‍ॅशमोल हा पुराणवस्तूंचा संग्राहक १६४६ मध्येच दाखल झालेला होता. ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन संग्रहालय त्याच्याच नावाचं. परंपरेने असं मानतात की २४ जून १७१७ रोजी लंडनच्या चार लॉज 'गूज अँड ग्रिडायरन' नावाच्या एका गुत्त्यात एकत्र आल्या आणि पहिली ग्रँड लॉज निघाली. १७२३ साली जेम्स अँडरसन या पाद्र्याने तिची घटना छापली. आता गुण्या म्हणजे सरळ वागणं, ओळंबा म्हणजे ताठ चारित्र्य, पाणसळ म्हणजे समता, असे अर्थ लागू लागले. दुसऱ्या पायरीवर सभासदाला व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या सात विद्यांचं महत्त्व सांगितलं जातं. हा मध्ययुगीन विद्यापीठाचा अभ्यासक्रमच आहे, एक विषय इकडचा तिकडे नाही.

या सुरुवातीच्या मंडळींत आमच्या आवडीचा माणूस म्हणजे जॉन देसाग्युलिए. जन्म १६८३, फ्रान्समधल्या ला रोशेलचा. प्रॉटेस्टंट म्हणून घरच्यांना देश सोडावा लागला, हा इंग्लंडमध्ये वाढला, धर्मगुरू झाला, आणि रॉयल सोसायटीत न्यूटनच्या हाताखाली प्रयोग करून दाखवू लागला. १७१९ साली तो ग्रँड मास्टर होता. पण त्याचं पोट चालायचं ते जाहीर व्याख्यानांवर. कप्पी, तरफ, हवेचा पंप मांडून तो पैसे भरून आलेल्या श्रोत्यांना न्यूटनचं विज्ञान समजावून सांगायचा. त्यातल्या पुष्कळांना विद्यापीठाचं दार कधीच उघडलं नसतं. गुपित जपणाऱ्या संघटनेचा प्रमुख दिवसा उघड्यावर विद्या वाटतो आहे! आपल्या वसंत व्याख्यानमालांचा एक दूरचा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

आणि ते गुपित तरी किती दिवस टिकलं? १७३० मध्ये सॅम्युएल प्रिचर्ड नावाच्या माणसाने सगळे विधी पुस्तकात छापून टाकले. ते हातोहात खपलं. म्हणजे गेली जवळजवळ तीनशे वर्षं हे गुपित बाजारात विकत मिळतं आहे.

मग बाकीच्या भाकडकथा कशा तगल्या? सैतानपूजेची कथा आपण एका माणसाच्या खात्यावर मांडू शकतो. लिओ ताक्सिल हा फ्रेंच लेखक. १८८५ पासून बारा वर्षं त्याने मेसन लोक सैतानाला भजतात अशी पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली, एक डायना वॉन नावाची साक्षीदार बाईही उभी केली. १९ एप्रिल १८९७ ला पॅरिसमध्ये सभा बोलावली, लोक डायनाला बघायला जमले, आणि हा व्यासपीठावर येऊन म्हणतो, सगळं मी रचलेलं होतं. स्वतः थापाड्याने कबुली दिली, तरी थाप अजून चालू आहे. इल्युमिनाटीचं म्हणाल तर तो वेगळाच पंथ. बव्हेरियातल्या इंगोलश्टाट विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या आडाम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने तो १७७६ मध्ये काढला, आणि दहा वर्षांच्या आत सरकारने तो मोडला. कंटाळलेला प्राध्यापक काय काय करू शकतो याचं ते उदाहरण आहे, इतकंच.

धर्माविषयीचा गैरसमज मात्र थोडा सूक्ष्म आहे. हा धर्म नाही. पण सभासदाची ईश्वरावर श्रद्धा असावी अशी अट आहे, आणि त्या ईश्वराला ते 'विश्वाचा महान शिल्पकार' म्हणतात. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण या विषयांवर वाद घालायला बंदी. रोमच्या पोपने १७३८ मध्ये कॅथलिकांना मनाई केली ती बरीचशी यामुळेच : वेगवेगळ्या पंथांचे लोक बंद दाराआड शपथ घेऊन एकत्र बसतात म्हणजे काय? संशय सैतानाचा नव्हता, संशय शेजारी बसण्याचा होता. जर्मन तत्त्वज्ञ लेसिंग हा स्वतः मेसन. १७७८ च्या 'एर्न्स्ट आणि फाल्क' या संवादात तो हेच मांडतो, की राज्यं आणि धर्म माणसांना जोडतात तसे तोडतातही, आणि त्या भेगांच्या पलीकडे पाहणारी काही माणसं समाजाला हवी असतात. दोनच वर्षांनी त्याने जे लिहिलं त्याचं नाव 'मानवजातीचं शिक्षण'. हा योगायोग नाही असं आम्हाला वाटतं.

शेजारी कोण बसणार, हा प्रश्न आता लंडनहून मुंबईला आणू, कारण इथे तो खरा पेटला.

माणेकजी कर्सेटजी, जन्म १८०८, पारशी, पुढे स्मॉल कॉजेस कोर्टाचे न्यायाधीश. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत, म्हणजे आज टाउन हॉलमध्ये असलेल्या एशियाटिकमध्ये, प्रवेश मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ, १८४० साली; तोही सुखासुखी मिळाला नव्हता. मग त्यांनी फ्रीमेसन व्हायचं ठरवलं. मुंबईत गोऱ्यांच्या लॉज होत्या. विश्वबंधुत्वाची शपथ घेणाऱ्या त्या बंधूंनी यांना नकार दिला. माणेकजी युरोपला गेले आणि पॅरिसच्या लॉजमध्ये रीतसर दीक्षा घेऊन परतले. आता ते पक्के 'बंधू' होते, नियमाप्रमाणे जगातल्या कोणत्याही लॉजने त्यांना ओळख द्यायला हवी. तरी मुंबईच्या लॉजने पुन्हा दार लावून घेतलं.

पण काही गोऱ्या सभासदांनाच याची लाज वाटली. डॉक्टर जेम्स बर्न्स हे स्कॉटिश शाखेचे पश्चिम भारतातले प्रमुख होते. काबूलमध्ये १८४१ साली मारला गेलेला अलेक्झांडर बर्न्स तो त्यांचा भाऊ. जेम्स यांच्या पुढाकाराने डिसेंबर १८४३ मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज उघडली, मुद्दाम हिंदी सभासदांसाठी. त्याआधी एखाददुसरा नवाबजादा मेसन झाला होता, पण हिंदी लोकांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेली लॉज म्हणजे नवं पाऊल. पारशी आले, काही मुसलमान आले. हिंदूंच्या बाबतीत घोडं अडलं : यांचे देव अनेक, मग 'एका शिल्पकारावर' श्रद्धा कशी धरायची? कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांचा अर्ज या वादात नऊ वर्षं लोंबकळला आणि १८७२ मध्ये मंजूर झाला. त्याच 'अँकर अँड होप' लॉजमध्ये १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त दाखल झाले, ज्यांना आपण स्वामी विवेकानंद म्हणून ओळखतो.

मंडळी, याच मुंबईत याच दशकात एक मराठी गुप्त मंडळ निघालं हे विसरू नका. १८४९ ची परमहंस सभा. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे मार्गदर्शक, राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. तिथेही दीक्षाविधी होता : ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. जात मोडायची, पण बंद दाराआड. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावं फुटली आणि सभा विस्कटली. आम्हाला या दोन मंडळांतला फरक महत्त्वाचा वाटतो. मेसन लोकांचं सभासदत्व लपवलेलं नसतं, माणूस एप्रनमध्ये फोटो काढून घेतो. गुप्त असतो तो विधी. परमहंस सभेत उलट : विधी काय आहे हे गावभर कुजबुजलं जात होतं, लपवायची होती ती नावं. कारण मेसन झाल्याने गोऱ्यांच्या राज्यात प्रतिष्ठा वाढत होती, आणि पाव खाल्ल्याने घरातून बाहेर काढत होते. मेसनरीचं बंधुत्व स्वस्तात मिळणारं होतं, असं म्हणायला आम्ही कचरणार नाही. वर्गणी मात्र स्वस्त नव्हती. गिरणीतला कामगार तिथे कधी बसला नाही.

तर माणेकजींनी पुढे काय केलं? १८६३ साली त्यांनी मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली, अ‍ॅलेक्झांड्रा नेटिव्ह गर्ल्स इंग्लिश इन्स्टिट्यूशन. त्याच वर्षी इंग्लंडच्या युवराजाशी लग्न झालेल्या राजकन्येचं नाव तिला दिलं. मुलींची शाळा ही तोवर नवी गोष्ट नव्हती. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये काढली होती, आणि मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या एल्फिन्स्टनी तरुणांनी, त्यांत दादाभाई नौरोजी होते, १८४९ पासून मराठी आणि पारशी मुलींचे वर्ग चालवले. जगन्नाथ शंकरशेटांनी त्यासाठी जागा दिली. पण ते वर्ग देशी भाषांतले होते. मुलींना इंग्रजी शिकवायचं म्हटल्यावर सुधारकांच्याही भुवया वर गेल्या, आणि पारशी समाजातही मुली बिघडतील म्हणणारे निघालेच. माणेकजींनी आपल्या मुलींना घरी इंग्रजी शिकवलं होतं, त्यामुळे बोलण्याचा अधिकार त्यांना होता.

मुलुंड-घाटकोपरहून गाडीने सीएसएमटीला उतरलात आणि स्टर्लिंग सिनेमाच्या बाजूला चालत गेलात, तर हजारीमल सोमाणी मार्गावर ही शाळा आजही आहे, आणि तिथून काही मिनिटांवर सुखाडवाला मार्गावर फ्रीमेसन्स हॉल. ही शेजारची वास्तू पाहून 'शाळा मेसन लोकांनी काढली' असं कोणी सांगेल. ते खरं मानू नका. शाळा माणेकजींची. लॉजच्या ठरावातून ती निघाली नाही. संबंध आहे तो माणसाच्या अनुभवाचा. आम्ही एवढंच म्हणू की ज्याला दोन दारं ठोठवावी लागली, त्याने तिसरं दार दुसऱ्यांसाठी उघडलं, आणि त्यासाठी लागणारा वर्गणी गोळा करण्याचा, नियमावली लिहिण्याचा, हिशेब मांडण्याचा, सभा चालवण्याचा सराव त्या पिढीला अशाच संस्थांतून मिळत होता. शाळा चालवायला विद्वत्तेइतकीच ही रीत लागते. ज्यांनी एखाद्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीत काम केलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

असेच दुसरे खरशेदजी रुस्तमजी कामा, १८३१ ते १९०९. आयुष्यभर मेसन, त्यांच्या मेसन कारकिर्दीच्या गौरवाचा ग्रंथ १९०७ मध्ये निघाला. पण कामांची खरी कामगिरी वेगळी. युरोपात जाऊन ते तिथल्या पंडितांकडे अवेस्ता शिकले आणि १८६१ पासून मुंबईत पारशी धर्मगुरूंना शिकवू लागले. धर्मगुरूंना अवेस्ता मुखोद्गत होती, अर्थ माहीत नव्हता. मघाशी आपण शॉच्या स्मरणकलेच्या परीक्षेविषयी बोललो. कामांनी त्या पाठांतराला अर्थाची जोड दिली, व्याकरण आणि तुलनात्मक भाषाशास्त्र लावून. फोर्टमधली कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट त्यांच्याच स्मरणार्थ १९१६ साली निघाली.

खुद्द संघटना म्हणून मेसन लोकांनी चालवलेल्या शाळाही आहेत. लंडनमध्ये रुस्पिनी नावाच्या दंतवैद्याने १७८८ मध्ये गरीब किंवा दिवंगत मेसनांच्या मुलींसाठी शाळा काढली, ती अजून चालू आहे. मुलांची शाळा दहा वर्षांनी निघाली. मुलींची आधी, हे लक्षात घ्या. भारतात २४ नोव्हेंबर १९६१ रोजी स्वतंत्र ग्रँड लॉज ऑफ इंडिया झाली. आता तिच्या वेदीवर भगवद्गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि अवेस्ता असे पाच ग्रंथ ठेवतात. प्रसन्नकुमारांना नऊ वर्षं जो प्रश्न विचारला गेला, त्याला दिलेलं हे उत्तर समजा.

मागच्या रांगेतून एक प्रश्न आला आहे : "मुलींच्या शाळा काढल्या, मग स्त्रियांना लॉजमध्ये का घेत नाहीत?" प्रश्न अगदी बरोबर आहे. १७२३ च्या अँडरसनच्या घटनेत सभासद कोण होऊ शकत नाही ते लिहिलं आहे, त्यात गुलाम आणि स्त्रिया एकाच ओळीत आहेत. हा नियम पाथरवटांचा म्हणून समर्थन करतात. पण पाथरवटांचे बाकीचे कितीतरी नियम सोडले, हाच तेवढा धरून ठेवला. फ्रान्समध्ये १८९३ साली स्त्रीपुरुष दोघांना घेणारी शाखा निघाली. अ‍ॅनी बेझंट १९०२ मध्ये तिच्यात दाखल झाल्या आणि त्यांनी ती भारतात आणली. याच बेझंटबाईंनी १८९८ मध्ये बनारसला सेंट्रल हिंदू कॉलेज आणि १९०४ मध्ये तिथेच मुलींची शाळा काढली होती. पण मूळ परंपरेतल्या ग्रँड लॉजनी या शाखेला मान्यता दिली नाही, आपल्या इथल्या ग्रँड लॉजनेही नाही. म्हणजे अ‍ॅलेक्झांड्रात शिकून एखादी मुलगी न्यायाधीश झाली, तरी तिच्या शाळेच्या संस्थापकाच्या लॉजमध्ये तिला आजही अर्ज करता येत नाही.

वेळ झाली. पुढच्या खेपेला परमहंस सभेच्या त्या चोरीला गेलेल्या वहीपासून सुरू करून प्रार्थना समाजाच्या रात्रशाळांपर्यंत जाऊ.